बांधलेलं पोड आणि दोन लेन्स

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दिराच्या बायकोनं हिमाचलचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. एका नातेवाइकानं आमच्याबद्दल विचारलं, कुंदावहिनी आणि मास्तर कसे नाहीत यात? त्यावर माझ्या दिरानं सगळ्यांसमोर लिहिलं, "दादाले आता दिसते कुठं? तो येऊन काय पाह्यन?" खाली हसणारी तोंडं टाकणारेही निघाले. मी तेव्हा दुकानात होते, समोर गिऱ्हाईक होतं. हातातलं कापड मी इतक्या जोरात फाडलं की ते तिरपं गेलं. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि घालवायचा माझा विचारही नाही.

वणीत माझं कापडाचं दुकान आहे. सुरुवात बाजारात जमिनीवर चादर टाकून केली होती. भाव करणं ही एकच विद्या मला येते, पण ती पूर्ण येते. मास्तर म्हणजे माझे पती, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची नजर कडेकडून बुजत आली आहे. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, आणि नळी बारीक होत चालली आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की यावर औषध नाही, जे पाहायचं ते पाहून घ्या.

घरी येताना मी विचारलं, "बोला, काय पाहायचं? मनालीले जाऊ? सिमल्याले?"

मास्तर म्हणाले, "झरीकडचा डोंगर. पोडावरचा. एकदा सगळा पाह्यला का झालं."

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. झरी जामणी तालुक्यातल्या अशाच एका पोडावर मास्तरांची पहिली नेमणूक होती. लग्नाआधीची गोष्ट. तिथं लेतू नावाचा त्यांच्याच वयाचा माणूस होता. त्यानं त्यांना झोपडी बांधून दिली, आंबील प्यायला शिकवलं, तापात उशाशी बसून राहिला. शाळेच्या मागं बसलेल्या बैलासारखा लांबलचक डोंगर. मास्तर तिथून बदलून आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. दिराला हिमालय लखलाभ. आमचं शहर यवतमाळ आणि आमचा डोंगर झरीचा, असं मी ठरवलं. आणि यांच्या नजरेत न मावणारा डोंगर मावेल असा कॅमेरा घ्यायचा, हेही.

यवतमाळ

मे महिन्यात यवतमाळला फिरायला जाणारे आम्ही दोघंच असू. सकाळी तर्री-पोहे खाल्ले. वणीपेक्षा तर्री झणझणीत, पण वरून हरभरे घालताना हात आखडता. मी हातगाडीवाल्याला तसं सांगितलं. त्यानं अर्धा डाव वाढवला, म्हणजे माझंच खरं होतं.

दत्त चौकाजवळच्या गल्लीत रफीकभाईंचं दुकान आहे. पूर्वी फोटो स्टुडिओ होता, आता ते जुने कॅमेरे दुरुस्त करतात आणि विकतात. आत शिरताच माझी नजर भिंतीवर गेली. छतापर्यंत फोटो लावलेले. नवरा-नवरी, बाळं, टोपी घातलेले म्हातारे, सगळे सरळ समोर पाहणारे.

"हे कोण?" मी विचारलं.

"फोटो काहाडून गेले, घ्याले आलेच नाई," रफीकभाई म्हणाले. "काही वारले असतीन. काही गाव सोडून गेले असतीन. फेकू कसे, भाभी? मले पाहून राह्यलेत ना ते."

मी त्या भिंतीकडे पाठ करून बसले. पाठ करूनही बरं वाटेना.

त्यांनी कॅमेऱ्याची एक बॉडी काढली. जुनी, पण मागचा पडदा मोठा आणि बाहेर उलगडणारा. त्यावर आधी अठरा-पंचावन्नची छोटी लेन्स लावली, मग काउंटरवर सत्तर-तीनशेची लांब लेन्स ठेवली.

"शहरात ही छोटी बस झाली. पहाडात दूरचं जवळ आनाले ही लांबवाली. पन दोनी नेसान तं खांदा उतरन तुमचा."

"खांद्याची काळजी तुम्ही करू नका. त्यानं कापडाचे गठ्ठे वाह्यलेत."

मी कॅमेरा मास्तरांच्या हातात दिला. डोळ्याला लावून पाहण्याच्या भोकातून त्यांना काही कळेना. मग मी छोटी लेन्स सगळ्यात रुंद करून त्यांना दारात उभं केलं आणि पडदा हातभर अंतरावर धरला. सगळा रस्ता त्या तळहाताएवढ्या पडद्यात आकसून आला, आणि पडदा मास्तरांच्या नळीत मावला.

"अवं कुंदा," ते म्हणाले, "पानठेल्यापासून तं थेट त्या रसवंतीपर्यंत! सगळंच एकदम दिसून राह्यलं!"

दोन वर्षांत त्यांना एका वेळी एवढं काही दिसलं नव्हतं. चेहरा मात्र मी दगडासारखा ठेवला. गिऱ्हाईक खूश दिसलं की भाव तिथंच मरतो.

"पडद्यावर ओरखडा आहे," मी म्हणाले.

"तो काचेवरचा कागद हाये, भाभी."

"मग कागद नवा लावून द्या. दुसरी बॅटरी द्या. आणि ही लांब लेन्स एवढे दिवस धूळ खात पडली, हिला विचारतं कोण? हीही त्यातच द्या."

"त्यातच?" रफीकभाईंनी भिंतीकडे पाहिलं, जणू ते फोटोतले लोक साक्षीला होते. "भाभी, मले कुलूप लावा लावता का दुकानाले?"

मी मास्तरांचा हात धरला आणि बाहेर पडले. हे माझं नेहमीचं. पिशवी उचलायची, मागं न पाहता चालायचं, आणि विकणाऱ्यानं हाक मारायची वाट पाहायची. कोपऱ्यावर पोचायच्या आत हाक येते. आलीच. लांब लेन्स मला लागणारच नव्हती. मास्तरांना सगळा डोंगर लहान करून हवा होता, तुकडा मोठा करून नव्हे. पण सोडून यायची कशी? तोडलेला भाव हीच माझी करमणूक.

पांढरकवड्याच्या पुढे

पांढरकवड्याला उतरून मी जीप ठरवली. ड्रायव्हर तरुण होता, आणि भावात माझ्यापुढं टिकला नाही. संध्याकाळी परत आणून सोडायचं ठरलं.

उन्हाळ्यात हा भाग कधी पाहिला नसेल, तर सांगते. सागाला पान राहत नाही. टेकड्यांवर नुसत्या काड्या उभ्या, आणि मध्येच एखादं पांढऱ्या सालीचं झाड, उघडं माणूस उभं राहावं तसं. आमच्या वणीत दिवसभर कोळशाच्या ट्रकांचा आवाज असतो. त्याचा मला त्रास होतो असं मी इतकी वर्षं समजत होते. इथं जीपखेरीज कसलाच आवाज नव्हता, आणि मला तो ट्रकांचा आवाज हवासा वाटू लागला.

पोडाच्या अलीकडच्या वळणावर ड्रायव्हरनं गाडी उभी केली.

"इथून पायी जा. गाडी पुढं नेत नाई आज."

"काहून?"

"आज तिकडून कोनी येत नाई, बाई. मी उद्या सकाळी येतो घ्याले."

"संध्याकाळचं ठरलं होतं!"

"उद्या सकाळी येतो," त्यानं गाडी वळवत पुन्हा तेच सांगितलं.

मला वाटलं, भाव वाढवायची युक्ती आहे. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. तो गेला. धूळ बसली, तेव्हा मास्तर म्हणाले, "बैल दिसते का?"

समोर डोंगर होता. लांब, काळपट, पाय दुमडून बसलेल्या बैलासारखा.

"आहे," मी म्हणाले. "आधी पोडावर जाऊ. शाळेच्या अंगणातून पाहा. तुम्ही जिथून पाहत होते तिथूनच."

डोंगराचा फोटो वळणावरूनच काढला असता, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

दोर

वस्तीच्या तोंडाशी दोन खांब रोवले होते. त्यांना बारीक दोर बांधला होता. गवताचा असावा. मध्ये आंब्याची पानं खोवलेली, काही सुकून गळून गेलेली. दोर उंचावर होता. मान थोडी लववली तर माणूस खालून जाईल.

पलीकडे घरं, मध्ये मोकळी जागा, आणि लिंबाखालच्या लांब ओट्यावर माणसं बसली होती. बाया, पुरुष, पोरं, एका ओळीत, खांद्याला खांदा लावून. सगळ्यांच्या माना खाली. चुलीचा धूर कुठंच नव्हता. टोपल्या पालथ्या घातल्या होत्या, बहुतेक कोंबड्यांवर, पण त्यांच्या आतूनही आवाज नव्हता. कुत्री दारात पडून होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि भुंकली नाहीत. एवढी पोरं असून एक रडत नव्हतं.

"ओ दादा!" मी हाक मारली. "आम्ही वणीहून आलो. हे मास्तर. इथंच शिकवत होते. लेतू आहे का?"

कोणी मान वर केली नाही.

मी मोठ्यानं बोलले. मग अजून मोठ्यानं. पोडासाठी मिठाई आणली आहे म्हणाले, पोरांना कपडे पाठवीन म्हणाले. उत्तर नाही. माझा पारा चढला. "माणूस एवढ्या दुरून आला, अन् पाणीही विचारत नाही? ही कुठली रीत?" बाजारात समोरचा गप्प बसला म्हणजे तो ताणून धरतो आहे, हे मला ठाऊक होतं. ताणणाऱ्यावर उपाय एकच.

मास्तरांना मी दोराजवळच्या दगडावर बसवलं. "इथंच बसा," त्यांच्या कानात म्हणाले. मग मोठ्यानं, "ठीक आहे! चाललो आम्ही!" आणि कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून वळणाकडे चालू लागले. मागं पाहिलं नाही.

हाक आली नाही.

मी वळणावर थांबले. ऊन डोक्यावर होतं. माझ्या पायांचा आवाज थांबल्यावर इतकं शांत झालं की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून मागं फिरले.

दगड रिकामा होता.

दोराबाहेर

एक म्हातारी दोरापासून थोड्या अंतरावर मोहाच्या झाडाखाली बसली होती. जवळ गाठोडं. मघाशी मला ती दिसली नव्हती, की मी बघितलंच नव्हतं, कोण जाणे.

"आत गेले तुये मालक," ती म्हणाली. "दोर दिसला नसन त्यायले. मान बी लववली नाई, टोपी घासून गेली दोराले."

मी दोराकडे धावले. तिनं मागून माझा पदर धरला.

"त्यायनं पाह्यलं नाई, ते चाललं. तू पाहून जाशीन तं सगळं मोडन. थांब."

मी ऐकणारी नाही. मी दोराला हात लावला. त्याच क्षणी ओट्यावरच्या सगळ्या माना वर झाल्या आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पोरांचीसुद्धा. रागानं नाही. नुसती वळली. मास्तर त्या ओळीत बसलेले मला दिसले. त्यांचंच तोंड तेवढं वळलं नाही.

मी हात काढला. माना पुन्हा खाली गेल्या.

म्हातारीचं नाव भीमबाई. ती याच पोडावरची. लेकीकडे गेली होती, परत यायला उशीर झाला, तोवर दोर बांधला गेला. आता तिचं घर समोर दिसत असून तिलाही बाहेरच राहायचं होतं. पावसाळ्याच्या आधी पोड बांधतात, तिनं सांगितलं. रोगराई, वाघ, जे काही बाहेरून येतं ते बाहेर राहावं म्हणून. "दोर बांधला का चूल नाई, पानी शेंदनं नाई, बोलनं नाई. आतला आत, बाहेरचा बाहेर. उद्या दिवस निंगाला का सुटते."

"अन् त्यांना मध्येच बाहेर पाठवलं तर?"

"पाठवन कोन? बोलत नाई ना कोनी."

आमच्याकडे देवीच्या जागरणाला रात्रभर ढोल वाजतो. मला वाटायचं, ज्याला घालवायचं त्याला आवाजानं घालवतात. इथं पोडभर माणसं गप्प बसून त्याला दाराशी थोपवून धरत होती. आणि दाराशी, बाहेरच्या बाजूला, मी होते.

भीमबाईनं गाठोड्यातून ज्वारीची भाकर काढली, अर्धी मला दिली. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळंही होती, पिकलेली, चिकट गोड. मास्तर उपाशी आहेत हे आठवून मी खाईना, तर म्हणाली, "खा वं. ते बी उपाशीच बसले, पन एकटे नाई ना बसले."

"लेतू आहे का त्या ओळीत?" मी विचारलं. "मास्तर त्याला भेटायलाच आलेत."

भीमबाईनं भाकरीचा तुकडा मोडायचा थांबवला.

"लेतू माहा मालक," ती म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात गेला."

मास्तरांना हे माहीत नव्हतं, आणि मी दोराच्या या बाजूला होते.

काहीतरी करायला हवं म्हणून मी बॅग उघडली. छोट्या लेन्समधून ओट्यावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. मग ती नको असलेली लांब लेन्स लावली. मास्तर एकदम हाताशी आले. कपाळावरचा घाम, टोपीला चिकटलेलं आंब्याचं सुकं पान. बाजूनं दिसत होते ते मला. एका अंगाला एक बाई अगदी चिकटून बसलेली. दुसऱ्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी होती. एवढ्या दाटीच्या ओळीत कुठंच बोटभर फट नव्हती, तेवढीच.

ऊन कलायला लागलं तेव्हा मास्तरांनी मान वर केली. बाकी कोणी केली नाही. हनुवटी उचलली गेली, मग तोंड डावीकडे वळलं, डोंगराच्या शेपटीकडे. थांबलं. मग थोडं उजवीकडे, थांबलं. पुन्हा थोडं. मास्तरांना मी रोज पाहते. वस्तू शोधताना ते मान कोंबडीसारखी झटकतात, चुकतात, चिडतात. हे तसं नव्हतं. नजर न घसरता, एकाच संथ गतीनं, शेपटीपासून पाठ, पाठीपासून वशिंड, वशिंडापासून शिंगांपर्यंत त्यांचं तोंड फिरत गेलं. मी फोटो काढत गेले. शेवटी कॅमेरा मोहाच्या खोडाला टेकवला.

सकाळ

रात्र बाहेरच काढली. तिच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. मी सगळा वेळ दोराकडे तोंड करून बसले.

उजाडल्यावर एका माणसानं येऊन दोर सोडला आणि गुंडाळून नेला. लगेच कोंबड्या ओरडल्या, पोरं रडली, बादल्या वाजल्या, कुणीतरी कुणाला शिवी दिली. काल दगडासारखी बसलेली माणसं हसत मास्तरांना धरून घेऊन आली. "मास्तर आले! बांधनीत बसले आमच्या!" माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आला, चहा आला. काल मी काय काय बोलले ते कुणी काढलं नाही. मला ते काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

मास्तरांचे ओठ कोरडे पडले होते, चेहरा मात्र सुट्टी लागलेल्या पोरासारखा. मी आधी त्यांच्यावर ओरडले. उठले कशाला दगडावरून?

"मले वाटलं तू आत गेली. तुयाच मागं गेलो," ते म्हणाले. मग माझा दंड धरून, "कुंदा, डोंगर पाह्यला मी. पूरा. एक दगड सोडला नाई."

"कसा?"

"लेतूनं दाखवला. बाजूलेच बसला होता. बोलायचं नसते ना, तं त्यानं माही हनुवटी धरली अन् हळूहळू तोंड फिरवलं. जिथं थांबा लागते तिथं थांबवलं. पह्यलेपासून असाच तो, समजून घेनारा." ते आजूबाजूला चाचपू लागले. "कुठं गेला? दोर सुटल्यावर उठून गेला वाटते. त्याले चहा द्या ना."

पोडावरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. भीमबाई माझ्या बाजूलाच उभी होती, गाठोडं काखेत धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

तिनं कॅमेऱ्याकडे बोट केलं. "त्याच्यात आलं का?"

मी पडदा उलगडला. दाखवू नये असंही वाटलं, पण तिनं मागितलं होतं. पहिला फोटो लावला. मास्तरांची वर उचललेली हनुवटी, आणि शेजारी ओट्याचा मोकळा दगड, त्यावर ऊन. दुसरा लावला. तिसरा. भीमबाईनं पदरानं पडदा पुसला आणि अगदी जवळ धरला. ती मास्तरांकडे पाहत नव्हती. त्यांच्या शेजारी पाहत होती, इकडून तिकडे, वरून खाली, घरचा माणूस बऱ्याच दिवसांनी दारात आला की त्याच्याकडे पाहतात तसं.

मग तिनं कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"बारीक झाला वं," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला घरात गेली.